सकाळची सही

माझ्या दोन सह्या आहेत. एक दुपारची, एक सकाळची.

दुपारची सही लग्नानंतर बसवलेली. आडनाव संपलं की खालून एक शेपूट मागे ओढायचं आणि त्याखाली दोन टिंबं द्यायची. का द्यायची ते मला आजही माहीत नाही. वडील द्यायचे म्हणून मी देते. सकाळची सही त्याच नावाची, पण शेपूट मध्येच सुटतं, टिंबं भलतीकडे पडतात आणि अक्षरं एकमेकांच्या खांद्याला धरून कशीबशी उभी असल्यासारखी दिसतात.

मी बारामतीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. लोकांच्या सह्या जुळतात की नाही हे बघण्याचाच मला पगार मिळतो म्हणा ना. "काका, सही जुळत नाही. परत करा बरं, सावकाश," हे वाक्य एकोणीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल त्याला हिशेब नाही. आणि 2018 मध्ये एका मोठ्या बँकेतून माझाच चेक परत आला. मुलाच्या क्लासच्या फीचा. कारण: सही जुळत नाही. दंड कापला तो वेगळाच. तो चेक मी सकाळी साडेसहाला, एकीकडे दूध उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवत, ओट्याच्या कडेला टेकवून लिहिला होता. बँकेत गेले तर तिथल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी दाखवल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तरी चेक परतच केला असता.

"माझी सकाळची सही वेगळी येते हो," मी म्हटलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

ही भानगड सुरू झाली 2017 च्या जानेवारीत. नोटाबंदीचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. दहा, वीस, पन्नासच्या नोटांवर कारभार चालला होता. मोजायचं मशीन होतं, पण दहाच्या मळक्या नोटा ते थुंकून टाकायचं, त्यामुळे हातानेच मोजायचं. एका सकाळी शंभर नोटांची गड्डी केली, रबर उचललं आणि ते ताणलंच जाईना. एवढंसं रबर. तर्जनी आणि मधलं बोट जिथे तळहाताला मिळतात ती मुळं ठसठसत होती. दुसऱ्या हाताने बघितलं, तिथेही तेच. शेवटी आमच्या शिपाईमामांनी रबर लावून दिलं. पुढचे आठ दिवस मामाच लावत होते. "नोटा मोजून मोजून हात गेलेत तुमचे," सगळे म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

पण मी नोटा उजव्या हाताने मोजते. डावा हात नुसता धरायला. मग डाव्या हाताची नेमकी तीच दोन बोटं का दुखावीत? हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. दिवसाकाठी लाखाचा हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या बाईला स्वतःच्या दोन हातांचा ताळा करावासा वाटला नाही.

हळूहळू सकाळच वैरीण झाली. पाचला उठायचं, तर मूठ वळायची नाही. हात कुणा दुसऱ्याचे, भाड्याने आणल्यासारखे. गॅसचं बटण दाबून फिरवायचं तर तळहाताने रेटायचं. दुधाची पिशवी दाताने फोडायची. कणीक मळताना डोळ्यात पाणी यायचं आणि साडीच्या निऱ्या बोटांत धरल्या की एकेक गळून जायची, म्हणून त्याच वर्षी मी पंजाबी ड्रेसवर आले. ऑफिसात बायका म्हणाल्या, काय हो, नवी फॅशन! बादलीत कढत पाणी घेऊन त्यात हात बुडवून बसायचं, की साडेनऊपर्यंत बोटं जराशी सुटायची आणि अकराच्या पुढे तर वाटायचं, काही झालंच नव्हतं.

या दुखण्याचा सगळा लबाडपणा तिथे आहे. घरच्यांना मी सकाळी दिसायचे: आखडलेली, चिडचिडी, पोळीला हात न लावणारी. ऑफिसला मी दुपारी दिसायचे, ठणठणीत. आणि डॉक्टरकडे आपण जातो संध्याकाळी, काम आटोपून. तेव्हा हात बरे असतात. संध्याकाळी सातला मूठ वळून दाखवत "सकाळी वळत नाही हो" म्हणणाऱ्या बाईला कुठला डॉक्टर काय देणार? कॅल्शियम दिलं. दुसऱ्याने पेनकिलर दिली. तिसऱ्याने "टेन्शन घेता का?" विचारलं.

आपल्याकडे दुखण्याला एक फार सोयीचं नाव आहे: वात. गुडघा दुखला, वात. कंबर धरली, वात. टाच टेकवत नाही, वात. पोट फुगलं तरी वातच. नाव मिळालं की चौकशी संपते. माझ्या सासूबाईंना बारा-पंधरा वर्षांचा गुडघ्याचा वात आहे, त्यामुळे माझे हात दुखायला लागले तेव्हा त्यांना वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. "वात आहे गं तो. आता काय, चाळिशी आली तुझी," म्हणाल्या, आणि मग मनापासून माझ्यामागे लागल्या. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा. तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी करून शेकायचं. सकाळी सुंठीच्या काढ्यात एरंडेल. आंबट बंद, दही बंद, वांगं बंद. शेजारच्या काकूंनी बिब्बा घालायचं सुचवलं, तेवढं मात्र मी ऐकलं नाही. बिब्बा उतून कातडी जळालेले हात मी माझ्या खिडकीतून पाहिलेत.

गंमत अशी की सासूबाईंचा गुडघा आणि माझी बोटं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यांची ती झीज. सांध्यातली कूर्चा वापरून वापरून पातळ होते, हाडावर हाड यायला लागतं. त्या चालल्या की दुखतं, बसल्या की बरं वाटतं. माझं बरोबर उलटं: निजलं, बसलं की आखडतं, कामाला लावलं की सुटतं. त्यांच्या बोटांना गाठी आहेत त्या नखाजवळच्या पेराला. माझे नखाजवळचे सांधे अगदी शाबूत. सूज सगळी बोटांच्या मुळाशी, मधल्या पेराला आणि मनगटात. त्यांचा एक गुडघा जास्त, एक कमी. माझं सगळं जोडीने, उजवीकडे तसं डावीकडे. दोन वर्षं आम्ही दोघी एकाच ओट्यावर चार हात शेजारी शेजारी ठेवून भाजी निवडत होतो.

एरंडेलाला मात्र नावं ठेवणार नाही. पुढे वाचताना कळलं की आपल्या जुन्या वैद्यांनी हा फरक केला होता. माधवनिदान या साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या ग्रंथात आमवाताला वेगळा अध्याय आहे. अंग मोडून येणं, तोंडाला चव नसणं, जडपणा, ताप, सांध्यांना सूज. आणि वेदना कशी, तर विंचू डसावा तशी. ज्याने हे लिहिलं त्याने कुणाची तरी पहाट जवळून पाहिली असणार. भावप्रकाशात तर आमवाताला शरीराच्या वनात फिरणारा हत्ती म्हटलंय आणि एरंडेलाला त्याला मारणारा एकमेव सिंह. तो सिंह दोन वर्षं रोज सकाळी माझ्या पोटात डरकाळ्या फोडत होता. हत्ती जागचा हलला नाही.

मग आली पुडी. ही हकीकत सांगायची लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2018 च्या दिवाळीआधी कुणीतरी एका बाहेरगावच्या माणसाचा पत्ता दिला. राखी रंगाची पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. जडीबुटी, शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही. चौथ्या दिवशी मी सकाळी उठले आणि मूठ वळली. नुसती वळली नाही, घट्ट वळली, नखं तळहातात रुतेपर्यंत. मी अंधारात बसून दहा वेळा मूठ वळली आणि उघडली. त्या दिवाळीला चकल्यांचा सोऱ्या मी एकटीने दाबला. अहो म्हणाले, जादूच आहे बुवा.

तीन महिन्यांत माझा चेहरा गोल गरगरीत झाला. वजन सहा किलोंनी वाढलं. "तब्येत सुधारली हो," लोक म्हणायचे. गालांवर लव आली. मग तो माणूस अचानक मिळेनासा झाला, फोन बंद, पुडी संपली. आणि आठवड्याभरात जे काही आलं ते व्याजासकट. मला केस विंचरता येईनात. सोनाराने माझी लग्नातली अंगठी कातरून काढली, कारण ती सुजलेल्या पेरावरून निघतच नव्हती. त्या रात्री अहोंनी पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतली. स्वारगेटला उतरताना बसचा दांडा मला धरता आला नाही, खाली उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलाने दंडाला धरून उतरवलं.

डॉक्टरबाईंनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठली पुडी घेत होतात?" मी म्हटलं, आयुर्वेदिक. त्या म्हणाल्या, "आयुर्वेदाने असा चेहरा होत नाही. त्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार."

त्या पुडीने चार दिवसांत जे केलं ते जगात पहिल्यांदा घडलं 21 सप्टेंबर 1948 ला. अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. त्यांनी फार पूर्वीच टिपून ठेवलं होतं की कावीळ झाली की किंवा बाईला दिवस गेले की हा आजार तेवढ्यापुरता ओसरतो. म्हणजे शरीरच काहीतरी तयार करत असणार. शोधत शोधत ते मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या एका स्रावापाशी पोहोचले, ज्याला पुढे कॉर्टिसोन म्हणायला लागले. तेही स्टेरॉइडच. पहिलं इंजेक्शन दिलं ते अंथरुणाला खिळलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला. थोड्याच दिवसांत ती उठून चालायला लागली आणि बाजारात खरेदी करून आली. 1950 साली हेंचना नोबेल मिळालं. त्याच सुमाराला रुग्णांचे चेहरे गोल व्हायला लागले होते, हाडं ठिसूळ व्हायला लागली होती. ती बाई बाजारात काय घेत हिंडली असेल ते मला कळतं. मी सोऱ्या दाबला होता.

स्टेरॉइड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पुढे मलाही सुरुवातीचे काही महिने छोट्या डोसात तेच दिलं, मोजून आणि हळूहळू कमी करत, मुख्य औषध लागू पडेपर्यंत. फरक एवढाच की या वेळी मला माहीत होतं मी काय गिळतेय.

त्या दिवशी डॉक्टरबाईंचा दुसरा प्रश्न होता: "सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?" दोन वर्षं! दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "चार-साडेचार तास," मी म्हटलं आणि उगाचच रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, दोन्ही हातांनी धरता येईल असा, कान असलेला. रोजचंच असणार त्यांना.

रक्तात सूज दाखवणारे आकडे चढलेले होते. आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह, पण तो एकटा भरवशाचा नाही, आजार असून निगेटिव्ह येतो आणि धडधाकट माणसातही कधी पॉझिटिव्ह. अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी जास्त पक्की, तीही आली. एक्स-रेमध्ये उजव्या तर्जनीच्या मुळाशी हाडाची कड उंदराने कुरतडावी तशी दिसत होती. "हे खाल्लेलं परत भरून येत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या काही महिन्यांत आला असतात तर." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

आजाराचं नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सांध्यांच्या आत एक पातळ अस्तर असतं, ते वंगण पाझरतं आणि सांधा सुखाने फिरतो. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था त्या अस्तरावरच चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं, गवत माजावं तसं कूर्चेवर पसरतं आणि हाड खायला लागतं. सूज पेटती ठेवणारी रसायनं पहाटेच्या सुमाराला सगळ्यात जोरात असतात, म्हणून सकाळ वाईट. आणि हे काही फक्त सांध्यांपुरतं राहत नाही: थकवा येतो, रक्त कमी होतं, फुप्फुसांना, डोळ्यांना, हृदयालाही त्रास होऊ शकतो. बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना धोका वाढतो. का होतो याचं एकच एक कारण नाही. काही रक्तातून आलेलं, काही बाहेरचं.

पण शरीर स्वतःवरच का उठतं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचा एक घटक असतो, त्याचं काही वेळा सिट्रुलिन होतं. बारीकसा बदल. एखादं शेपूट अर्ध्यात सुटावं, टिंब सरकावं, इतका. सूज आली की असं कुणाच्याही शरीरात होतं. पण या आजाराच्या माणसाच्या शरीरातला पहारेकरी तो बदल बघतो आणि म्हणतो, ही आपल्यातली नव्हे. सही जुळत नाही. आणि नुसता परत पाठवून थांबत नाही, खातंच बंद करायला निघतो. अँटी-सीसीपी म्हणजे त्या बदललेल्या सहीविरुद्ध काढलेल्या नोटिसा. त्या रक्तात कधी कधी आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी फिरत असतात.

घरी आल्यावर मी हे उत्साहाने सांगितलं आणि वर ज्ञान पाजळलं की सिट्रुलिन पहिल्यांदा कलिंगडात सापडलं, कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच त्याचं नाव पडलं. झालं! सासूबाईंनी त्या उन्हाळ्यात घरात कलिंगड येऊ दिलं नाही. खाल्लेल्या कलिंगडाचा आणि या आजाराचा काडीचा संबंध नाही, हे पटवायला आणखी एक उन्हाळा गेला.

औषध ठरलं मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर "रविवार" हा शब्द तीनदा लिहिला आणि त्याभोवती चौकोन काढला. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, रक्तपेशी कोसळतात. आमच्या घरी याला कुणी गोळी म्हणत नाही. सासूबाईंनी त्याचं नाव "तुझा वार" ठेवलंय. त्यांचा गुरुवार, माझा रविवार. डबी देवघराशेजारच्या फडताळात. रविवारी रात्री जेवणं झाली की त्या आतून विचारतात, "वार झाला का गं?" सोमवारी सकाळी चहाच्या वासानेही मळमळतं, तेव्हा त्या मुकाट्याने चहा गॅलरीत जाऊन पितात. सुरुवातीला नातवाने मोबाईलवर बघून "आजी, ही तर कॅन्सरची गोळी आहे" असं जाहीर केलं होतं, तेव्हा याच बाई रात्रभर जप करत बसल्या होत्या. खरंच ती कॅन्सरचीही गोळी आहे. तिथे ती कितीतरी मोठ्या डोसात जाते, इथे थोड्या मिलिग्रॅमवर काम भागतं.

रविवार सोडून इतर दिवशी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी. मेथोट्रेक्सेट शरीरात फॉलिक ॲसिडची वाट अडवते, आणि मग तिचे चटके कमी व्हावेत म्हणून फॉलिक ॲसिडच द्यायचं. सासू-सुनेचं नातं, मी म्हटलं. अहो हसले, सासूबाई हसल्या नाहीत.

या दोन गोळ्यांची कहाणी शोधत गेले तर ती सुरू होते कुठे, तर मुंबईत. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया व्हायचा, पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येकजणी जगायच्या नाहीत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम मांडलं. काय खातात, काय खात नाहीत, उंदरांना काय दिलं की काय होतं, माकडांना काय. शेवटी गुण आला तो मार्माइट नावाच्या यीस्टच्या चिकट काळ्या अर्काने, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. 1931 मध्ये त्यांनी ते छापलं. त्यात नेमकं काय आहे हे कळलं नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला विल्स फॅक्टर म्हणायचे. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तेच काढलं गेलं आणि पानावरून, लॅटिन फोलियमवरून, नाव पडलं फॉलिक ॲसिड.

मग आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं. आणि त्याच्याचसारखे दिसणारे, पण काम बिघडवणारे तोतये बनवले. पेशीला वाटतं फॉलिक ॲसिड आलं, ती दार उघडते आणि फसते. बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बरनी त्यातला एक तोतया रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिला. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. सुब्बाराव 1948 मध्ये गेले, म्हणजे हेंचच्या त्या इंजेक्शनच्या वर्षीच. 1951 मध्ये या जातीचं औषध संधिवातावर वापरून गुण आल्याची नोंद झाली, पण तेव्हा सगळे कॉर्टिसोनच्या जादूवर भाळलेले. लक्ष कुणी दिलं नाही. पुन्हा हात लागला तो 1980 च्या दशकात, आणि 1988 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी रीतसर मान्यता मिळाली.

मला या कहाणीत सगळ्यात जास्त त्या गिरणीतल्या बायका दिसतात. सुटलेल्या धाग्यांना गाठी मारणारी त्यांची बोटं. त्यांची नावं कुठे सापडत नाहीत. सापडली असती तर दर रविवारी एखादं नाव घेतलं असतं.

गोळीला गुण यायला दीड-दोन महिने लागले. पुडीसारखं चौथ्या दिवशी काही झालं नाही. एका सकाळी लक्षात आलं की दुधाची पिशवी मी कात्रीने कापली. बस्स, एवढंच. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, त्यासाठी वर्षाकाठी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. मार्च 2020 मध्ये हीच गोळी कोरोनावर चालते अशी हवा झाली आणि बारामतीतून ती गायब झाली. ज्यांना काही झालेलं नव्हतं त्यांनी पाकिटंच्या पाकिटं घरात भरून ठेवली. औषधवाला म्हणाला, "ताई, तुम्हाला पण कोरोनासाठीच ना?" कोरोनाला तिचा काही उपयोग नाही हे पुढे सिद्ध झालं. मधल्या पाच आठवड्यांत माझी सकाळची सही परत वेडीवाकडी झाली.

याच्याही पुढची औषधं आहेत, इंजेक्शनं. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या संशोधकांनी 1992 मध्ये लंडनमध्ये त्यांचा पहिला प्रयोग केला. सूज पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या एकाच रसायनाला धरायचं. फार गुणाची, पण महाग, आणि आपल्याकडे ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढून क्षय लपून बसलेला नाही ना हे बघावं लागतं, कारण पहारेकरी झोपवला की तो जागा होतो. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

सहा महिन्यांनी एकदा पुण्याला जाते. डॉक्टरबाई माझे 28 सांधे मोजतात. खांदे, कोपरं, मनगटं, हातांची बोटं, गुडघे. प्रत्येक सांधा दोन बोटांनी दाबतात आणि माझ्या हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघतात. किती दुखले, किती सुजले, ते कागदावर उतरतं, रक्तातला आकडा त्यात मिसळतो आणि एकच आकडा निघतो: आजार किती जागा आहे. मला हे दाबणं आवडतं. गड्डी मोजताना मी नोट अशीच बोटाने चाचपते, खोटी हाताला कळते. फक्त त्या 28 मध्ये पावलं नाहीत. माझ्या पावलांची बोटं पहिल्या दिवसापासून दुखतात, सकाळी फरशीवर पाय ठेवला की गोट्यांवरून चालल्यासारखं वाटतं, आणि हिशेबात ती नाहीतच. मी एकदा तक्रार केली. "मोजत नाही, पण बघते," म्हणाल्या आणि चप्पल काढायला लावली.

डाव्या अनामिकेला आता जरा बाक आलाय. मधलं पेर उलटं मागे गेलेलं, टोक आत वाकलेलं. इंग्रजीत याला हंसाच्या मानेचं नाव आहे. इतकं देखणं नाव या बोटाला कुणी दिलं असेल!

भिगवण आमच्यापासून तासाभराच्या आत. लोक तिथे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला आणि मासे खायला जातात, आम्हीही जातो. मला फार उशिरा कळलं की 1996 मध्ये पुण्याचे डॉक्टर अरविंद चोप्रा यांच्या चमूने याच भिगवणात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. माणसाचं चित्र पुढे करायचं आणि विचारायचं, कुठे दुखतं, दाखवा. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली. तिथे हा आजार साधारण हजारी पाच जणांना सापडला. मी लगेच हिशेब केला, सवयच आहे. आमच्या पतसंस्थेचे चार हजार सभासद. म्हणजे वीसेक जण.

कॅशियरच्या खिडकीला काच असते आणि खाली हात जाईल एवढी फट. माणसांचे चेहरे काचेमागे धूसर, पण हात अगदी दिव्याखाली येतात. तो हिशेब केल्यापासून मी हात बघायला लागले. पैसे कसे उचलतात: चिमटीत, की तळहाताने कडेपर्यंत ओढून? पिशवीचा बंद कुठे अडकवतात, बोटांत की मनगटावर?

गेल्या श्रावणात दहा वाजताच, दार उघडल्या उघडल्या, एक मावशी आल्या. भाजीवाल्या, आमच्या जुन्या सभासद. सही येत नाही, अंगठा देतात. मी पॅड पुढे सरकवलं. त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि स्लिपवर ठेवला. कडेचीच रेघ उमटली.

"मावशी, नीट टेकवा ना. सपाट."

"टेकत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "सकाळचा टेकत न्हाई. दुपारनं या म्हनाल तर दुपारनं येते."

मी त्यांचा दुसरा हात मागितला. त्यांना वाटलं, डाव्याचा अंगठा हवाय. त्यांनी तोही फटीतून आत घातला. बोटांच्या मुळाशी, जिथे मुठीच्या टेकड्या दिसायला हव्यात, तिथे सगळं सपाट सुजलेलं, गरम. मी दोन बोटांनी हलकेच दाबलं आणि काचेतून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वात हाय," त्या म्हणाल्या.

मागे रांग वाढत होती. मी मामांना हाक मारून रांग सांभाळायला सांगितली, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि बाजूचं दार उघडून म्हटलं, "मावशी, जरा आत येऊन बसा."